शावुओतच्या हिरवाईला नुसती सजावट म्हणू नये

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जगभरातील सणांमधल्या पानाफुलांच्या सजावटीवर प्रसिद्ध झालेला लेख आवडीने वाचला. त्यात ज्यू धर्मीयांच्या शावुओत या सणाच्या वाट्याला जेमतेम तीन ओळी आल्या आहेत. या दिवशी सर्व ज्यू लोक घर आणि सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) फुलांनी सजवतात, दुधाचे पदार्थ खातात आणि सुक्कोत या मांडवांच्या सणातील मांडवाप्रमाणेच हाही निसर्गाचा उत्सव असतो, असा त्या ओळींचा आशय आहे. एवढे वाचून कोणाचाही समज असा होईल की वसंतात फुले मुबलक मिळतात, म्हणून लोक हौसेने ती मांडतात. प्रत्यक्षात या हिरवाईवर धर्मपंडितांनी शतकानुशतके विचार केला आहे, तिच्यासाठी निरनिराळी कारणे दिली आहेत आणि एका थोर पंडिताने तर तिचा एक प्रकार बंदच करायला लावला. कोणते कारण मानायचे यावर गवत पसरायचे, फांद्या बांधायच्या, फुले गुंफायची की काहीच आणायचे नाही, हे ठरत आले आहे. ही बाजू लेखात अजिबात आली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

इजिप्तमधील गुलामीतून झालेल्या सुटकेच्या पेसाह सणाच्या दुसऱ्या दिवसापासून एकोणपन्नास दिवस मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी शावुओत पाळायचा, असा क्रम आहे. ज्यू पंचांगातील सिवान महिन्याच्या 6 तारखेला हा सण येतो, म्हणजे आपल्या नेहमीच्या दिनदर्शिकेप्रमाणे मे किंवा जूनमध्ये. इस्राएलमध्ये तो एक दिवस आणि इस्राएलबाहेर परंपरेने दोन दिवस असतो. सीनाय पर्वतावर तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, मिळाली तो हा दिवस मानतात. पेसाहला बेखमीर भाकरी, सुक्कोतला मांडव, रोश हाशाना या नववर्षाच्या सणाला शोफार हे शिंगाचे वाद्य, अशी त्या त्या सणाची खूण असलेली वस्तू असते. शावुओतसाठी अशी कोणतीही वस्तू तोराने सांगितलेली नाही. ती रिकामी जागा लोकरूढीने भरून काढली आणि हिरवाई त्या रूढींपैकी एक आहे.

या रूढीची जी जुनी, स्पष्ट नोंद सापडते ती जर्मनीतील माइन्झचे रब्बी (धर्मगुरू) याकोव मोलिन यांच्या नावावर आहे. त्यांना महारिल म्हणतात आणि त्यांचे निधन 1427 मध्ये झाले. सणाच्या आनंदासाठी सिनेगॉगच्या जमिनीवर सुवासिक गवत आणि गुलाब पसरतात, असे त्यांच्या चालीरीतींच्या संग्रहात म्हटले आहे. सोळाव्या शतकात क्राकोचे रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी घरांचाही उल्लेख केला आणि तोरा मिळाल्याच्या आनंदाची आठवण, असे कारण जोडले. या नोंदींमध्ये फुलदाणीचा उल्लेख नाही, कमानीचा नाही आणि हारांचाही नाही. जे काही होते ते पायाखाली होते. त्या काळी युरोपात जमिनीवर लव्हाळे आणि वासाच्या वनस्पती पसरण्याची पद्धत सर्रास होती, तेव्हा सिनेगॉगमध्ये गवत अंथरलेले पाहून कोणाला नवल वाटले नसेल. फरक पडत असणार तो प्रार्थना सुरू झाल्यावर. लोक आत येतात, आपापल्या जागी उभे राहतात, तोराची पोथी बाहेर काढली की पुढे सरकतात, आणि प्रत्येक पावलाखाली देठ चिरडून वास वर येतो. सीनायवर देवाच्या मुखातून निघालेल्या प्रत्येक शब्दासरशी सारे जग सुगंधाने भरून गेले, असे तालमूद या धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथात सांगितले आहे. ते वाचलेल्या माणसाला पायाखालच्या गवताचा अर्थ कोणी वेगळा समजावून सांगावा लागत नसे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की या रूढीत रंगापेक्षा वासाला मान आहे, आणि दिसायला देखणी पण गंधहीन फुले ढिगाने आणून ती पाळली जात नाही. प्लास्टिकच्या फुलांचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

पुढच्या पिढ्यांनी आणखी कारणे शोधली. पोलंडचे रब्बी मोर्देखाय याफे यांनी तोरातील निर्गम या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायाकडे बोट दाखवले. तिथे मोशेला (मोझेसला) सांगितले आहे की पर्वतासमोर शेरडेमेंढरे किंवा गुरे चरू देऊ नयेत. चरायला मनाई केली, त्याअर्थी तिथे चारा होता. एरवी ओसाड असलेला वाळवंटातील पर्वत त्या दिवसापुरता हिरवा झाला होता, असा त्यातून अर्थ काढला गेला. दुसरे कारण मोशेच्या बालपणाशी जोडलेले आहे. अदार महिन्याच्या 7 तारखेला त्याचा जन्म झाला, आईने त्याला तीन महिने लपवून ठेवले आणि मग टोपलीत घालून नदीकाठच्या लव्हाळ्यात सोडले. तालमूदमधील एका मताप्रमाणे तो दिवस सिवानच्या 6 तारखेचा होता. हे कारण ज्यांना जवळचे वाटते त्यांनी गुलाबापेक्षा पाणकाठची लव्हाळी आणि लांब पात्यांचे गवत आणणे अधिक सुसंगत ठरेल.

इथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. शावुओत येतो तेव्हा इस्राएलमधला हिवाळी पाऊस संपून बरेच दिवस झालेले असतात, रानफुलांचा बहर ओसरलेला असतो, माळ पिवळे पडलेले असतात आणि शेतात गव्हाची कापणी चालू असते. त्याच सुमारास ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात मात्र गवत गुडघाभर वाढलेले आणि गुलाब उमललेले असतात. हिरवाईच्या रूढीची नोंद तिथे व्हावी यात आश्चर्य काही नाही. मात्र एवढ्यावरून तिला बाहेरून आलेली, उसनी रूढी ठरवणे मला पटत नाही. लोकांनी आपल्या दाराबाहेर जे उगवले ते आत आणले आणि सीनायशी त्याचे नाते लावले. रूढी अशाच तयार होतात.

सर्वांत वजनदार वाटते ते सतराव्या शतकात रब्बी अव्राहाम गोम्बिनर यांनी दिलेले कारण. त्यांचा ग्रंथ मागेन अव्राहाम या नावाने ओळखला जातो आणि पुष्कळदा त्यांनाही त्याच नावाने संबोधतात. त्यांच्या काळापर्यंत गवताबरोबर झाडेही घरात आणि सिनेगॉगमध्ये येऊ लागली होती. त्यांनी मिश्ना या प्राचीन नियमसंग्रहातील एका वचनाचा आधार घेतला. वर्षातून चार वेळा जगाचा न्याय होतो: पेसाहला धान्याचा, शावुओतला झाडांच्या फळांचा, रोश हाशानाला माणसांचा आणि सुक्कोतला पाण्याचा. सिनेगॉगमध्ये झाड उभे करायचे ते यासाठी की त्याच्याकडे पाहून लोकांना त्या न्यायाची आठवण व्हावी आणि त्यांनी फळांसाठी प्रार्थना करावी. हे कारण स्वीकारले की सजावटीचा सगळा रोखच बदलतो. वर्षाचे पीक पदरात पडेल की नाही, ही काळजी त्या झाडाबरोबर आत येते. आणि मग ते झाड फळ देणाऱ्या जातीचे असेल, तर त्याच्यावर कुऱ्हाड चालवून आणणे शोभत नाही. तोरातील अनुवाद नावाच्या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात शहराला वेढा घातलेला असतानासुद्धा फळझाडे तोडू नका असे बजावले आहे, आणि त्यावरून विनाकारण नासधूस करण्याविरुद्धचा व्यापक नियम तयार झाला. फळांसाठी प्रार्थना करायला फळझाड तोडून आणावे यापरती विसंगती नाही. अशा ठिकाणी कुंडीतले जिवंत झाडच हवे, आणि सण संपला की ते पुन्हा उन्हात गेले पाहिजे.

आपल्या लेखात 'सर्व ज्यू लोक' असा जो उल्लेख आहे, तो नेमका याच मुद्द्यावर टिकत नाही. अठराव्या शतकात विल्नाचे (लिथुएनियातील आजच्या व्हिल्नियसचे) गाओन, म्हणजे महापंडित, रब्बी एलियाहू (1720–1797), यांनी शावुओतला झाडे उभी करण्याची चाल बंद केली. रब्बी अव्राहाम डान्झिग यांनी हे आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. गाओन यांचा आक्षेप असा होता की आजूबाजूचे लोकही आपल्या सणाला झाडे उभी करतात. शावुओतच्या आसपासच ख्रिस्ती लोकांचा पेंटेकॉस्ट येतो आणि पूर्व युरोपात त्या वेळी चर्चमध्ये व घरांत बर्चच्या फांद्या लावण्याची पद्धत होती. इतरांच्या धार्मिक रीती उचलू नयेत, ही तोरातील लेवीय ग्रंथातील आज्ञा त्यांनी प्रमाण मानली. याउलट, एखाद्या चालीला स्वतःचे वेगळे आणि सयुक्तिक कारण असेल तर केवळ दुसरे लोकही तसेच करतात म्हणून ती निषिद्ध होत नाही, असे मानणारे पंडितही होते, आणि हा विचार गाओन यांच्या कितीतरी आधीपासून मांडला गेला होता. मला स्वतःला हा दुसरा पक्ष अधिक बळकट वाटतो, कारण महारिलच्या गवतामागचे आणि मागेन अव्राहामच्या झाडामागचे कारण ज्यू परंपरेच्या आतूनच आलेले आहे. तरीही गाओन यांच्या मताला मी हट्ट म्हणणार नाही. शेजाऱ्याचे पाहून आपला सण सजवू लागलो की आपण तो कशासाठी सजवतो आहोत याचा विसर पडतो, ही भीती अनाठायी नव्हती. आजही त्यांच्या वाटेने जाणाऱ्या अनेक सिनेगॉगमध्ये शावुओतला एकही झाड दिसत नाही, तर हसिदी या भक्तिपर पंथाची काही सिनेगॉग तोराच्या पोथ्या ठेवण्याच्या पवित्र कपाटापासून दरवाजापर्यंत हिरवे झालेले असतात. त्या सजावटविरहित भिंती पाहून कोणी तिथे उत्साह कमी आहे असे म्हणू नये. त्या भिंती तशा ठेवण्यामागेही तेवढाच विचार आहे.

पूर्व युरोपात याच सणाची एक कागदी शाखा फुटली. पोलंड, गालिसिया आणि युक्रेन या भागांत शिकणारी मुले पांढरा कागद दुमडून कात्रीने किंवा धारदार चाकूने त्यात नक्षी कोरत आणि उलगडलेला कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवत. यिद्दिश या तिथल्या ज्यूंच्या भाषेत गोल नक्षीला रॉयझलेख, म्हणजे छोटे गुलाब, म्हणत. त्यांत फुले, वेली, पक्षी, समोरासमोर उभे असलेले सिंह आणि हरणे असत. कागद मधोमध दुमडूनच कापलेला असल्यामुळे डावीकडचे प्रत्येक पान उजवीकडे जसेच्या तसे उमटे, आणि रात्री घरात दिवा लागला की रस्त्यावरून जाणाऱ्याला खिडकीत उजेडाचे फूल दिसे. जिथे ताजी फुले परवडत नव्हती किंवा झाडांना मनाई होती, अशा घरातही एका कागदावर सण साजरा होई. ज्या माणसांनी ही कला जपली त्यांच्यापैकी असंख्य जण ज्यू संहारात मारले गेले. आता ते कागद संग्रहालयांत पाहायला मिळतात, तरी काही कलाकार आणि शाळा ते पुन्हा कापू लागल्या आहेत. आपल्या लेखात या कलेला एक वाक्यही मिळू नये याचे मला खरोखर वाईट वाटले.

पूर्वेकडील आणि सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या) समाजांत फुलांचा अर्थ आणखी वेगळा आहे. इराणी ज्यू तर या सणाला फुलांचा सण म्हणूनच ओळखतात. काही सेफार्दी सिनेगॉगमध्ये या दिवशी देव आणि इस्राएल यांच्यातील विवाहाचा करारनामा पवित्र कपाटासमोर वाचतात, कारण सीनायवरचा करार म्हणजे लग्न अशी तिथे भावना आहे. अशा ठिकाणी तोराच्या पोथ्यांवर फुले येतात, गुलाबपाणी शिंपडले जाते, आणि ते यथायोग्यच आहे. तिथे फुलांचा थाट खटकत नाही, कारण तो लग्नाचा थाट आहे.

शेतीच्या बाजूने पाहिले तर या सणाची मुळे बिक्कुरीम, म्हणजे पहिल्या फळांच्या अर्पणात आहेत. मिश्नात याचे वर्णन इतके बारकाईने केले आहे की ते डोळ्यांसमोर उभे राहते. माणूस आपल्या शेतात जातो, पहिले पिकलेले अंजीर, द्राक्षांचा पहिला घड किंवा पहिले डाळिंब पाहतो, त्याला लव्हाळ्याची दोरी बांधतो आणि म्हणतो की हे बिक्कुरीम. पुढे गावोगावचे लोक एकत्र जमून यरुशलेमला निघतात. सोन्याने मढवलेल्या शिंगांचा आणि डोक्यावर जैतुनाच्या पानांचा मुकुट घातलेला बैल पुढे चालतो, बासरी वाजत असते आणि शहरातले कारागीर काम थांबवून उभे राहत त्यांचे स्वागत करतात. श्रीमंत लोक सोन्याचांदीच्या टोपल्या आणत, गरीब सोललेल्या वाळुंजाच्या. मंदिराच्या टेकडीशी पोहोचल्यावर राजासुद्धा टोपली स्वतःच्या खांद्यावर घेई. इसवी सन 70 मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाले आणि ही यात्रा थांबली. विसाव्या शतकात इस्राएलमधील किबुत्झ या सामुदायिक शेतीच्या वसाहतींनी तिला नवे रूप दिले. मुलांच्या डोक्यावर फुलांचे मुकुट, पेंढ्याच्या गंजी, सजवलेले ट्रॅक्टर आणि टोपल्यांत त्या वर्षीचे पीक, असा तो सोहळा असतो. वर्तमानपत्रांत शावुओतचे म्हणून जे छायाचित्र छापले जाते ते बहुधा याच सोहळ्याचे असते, पण त्याला आणि सिनेगॉगमधील गवताला एकच गोष्ट समजणे बरोबर नाही.

सुक्कोतशी केलेली तुलनाही तपासून घ्यायला हवी. सुक्कोतच्या मांडवाचे छत हा रूढीचा नव्हे तर नियमाचा विषय आहे. ते जमिनीतून उगवलेल्या वस्तूचेच हवे, ती वस्तू मुळापासून तोडलेली हवी आणि छताखाली उन्हापेक्षा सावली जास्त हवी. मांडवावर चढवलेला जिवंत वेल कितीही सुंदर दिसला तरी छत म्हणून चालत नाही. मांडवात शोभेसाठी बदाम, डाळिंबे, द्राक्षांचे घड आणि कणसांच्या माळा टांगण्याचे वर्णन तालमूदमध्ये आहे आणि आधी तशी अट घातलेली नसेल तर सण संपेपर्यंत त्यांतले काही खाता येत नाही. शावुओतच्या हिरवाईला असा एकही नियम नाही. इथे कुंडीतले मुळासकट झाड चालते, तोडलेली फांदी चालते आणि काहीही न लावताही सण पुरा होतो. हे दोन सण निसर्गाच्या उत्सवाच्या नावाखाली एका ओळीत बसवले की दोघांचेही वैशिष्ट्य पुसले जाते.

नियम लागू होतात ते सजावट करण्याच्या वेळेबाबत, आणि ज्यांना प्रत्यक्ष सिनेगॉग सजवायचे असते त्यांच्या दृष्टीने हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे. सणाच्या दिवशी फुले किंवा फांद्या तोडता येत नाहीत, म्हणून सगळे काम आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी उरकावे लागते. सण रविवारी येतो तेव्हा आदला दिवस शब्बाथचा, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीचा शनिवार असतो आणि शब्बाथच्या दिवशी दुसऱ्या दिवसाची तयारी करता येत नाही, त्यामुळे सजावट शुक्रवारी दुपारीच संपवावी लागते. 2022 मध्ये असेच झाले होते. दोन दिवस सण पाळणाऱ्या ठिकाणी शुक्रवारी लावलेली पाने सोमवारी रात्रीपर्यंत टिकायला हवीत. पाण्याचाही विचार मिश्नात सुक्कोतला हातात घ्यायच्या लुलाव या खजुराच्या फांदीच्या संदर्भात आधीच झालेला आहे. रब्बी यहुदा यांच्या मते शब्बाथला फांदी पुन्हा पाण्यात ठेवता येते, सणाच्या दिवशी पाण्यात भर घालता येते आणि सणाच्या मधल्या दिवसांत पाणी बदलता येते. तेव्हा रविवारच्या सणासाठी फांद्या निवडताना डोळ्यांपेक्षा अनुभवाला विचारावे. मर्टल या सुवासिक झुडपाची जाड, चकचकीत पाने तीन दिवस तग धरतात. वाळुंज मात्र पाण्याबाहेर राहिले की लवकरच मान टाकते, आणि पूर्ण उमललेला गुलाब बंद सभागृहातील उष्म्यात पाकळ्या गाळू लागतो. देठ तिरपे कापून, खालची पाने काढून फांद्या आदल्या रात्री खोल पाण्यात बुडवून ठेवल्या तर बराच फरक पडतो. जमिनीवर गवत पसरायचे असेल तर वाटेचा भाग मोकळा ठेवावा, कारण गुळगुळीत फरशीवर ओले देठ वृद्धांसाठी धोक्याचे असतात.

खर्चाबाबत तालमूदमध्ये एक मर्यादा सांगितली आहे. आज्ञापालन सुंदर रीतीने करण्यासाठी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जादा खर्च करावा, असे ते म्हणते. ही मर्यादा प्रत्यक्ष आज्ञांसाठी आहे. हिरवाई ही तर केवळ रूढी, मग तिच्यासाठी दूरदेशची फुले विमानाने मागवून समाजाचा निधी संपवणे कोणत्या हिशेबात बसते? ज्यांना आपल्या परिसरातून रानफुले आणायची असतील त्यांनीही आधी चौकशी करावी. इस्राएलमध्ये 1960 च्या दशकात रानफुले खुडण्याविरुद्ध मोठी मोहीम चालली, कायद्याने अनेक जातींना संरक्षण मिळाले आणि रानातून फुलांचे गुच्छ आणण्याची तोवर सर्वत्र असलेली सवय एका पिढीत मोडली.

संपादक महोदय, त्या लेखातील तीन ओळींच्या जागी निदान तीन दुरुस्त्या प्रसिद्ध कराव्यात अशी विनंती आहे: सर्व ज्यू समाज शावुओतला सजावट करत नाहीत, जुन्या नोंदीत फुलदाणीतील पुष्परचना नसून जमिनीवरचे सुवासिक गवत आणि गुलाब आहेत, आणि सुक्कोतच्या मांडवाचे नियम या सणाला लागू होत नाहीत. तसेच पुढील वर्षी या सणावर काही छापायचे ठरल्यास ते सणाच्या किमान आठवडाभर आधी छापावे आणि सण कोणत्या वारी सुरू होतो याचा ठळक उल्लेख करावा, म्हणजे फांद्या गुरुवारी आणायच्या की शुक्रवारी, हे वाचकांना वेळेत ठरवता येईल.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक